ढोलवाल्याच्या पाठीवरचा कागद

बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला माणूस अनोळखी होता. हरेशकाकांनी आज दांडी मारली वाटतं, असं मी हसत विचारलं. त्याने जार खाली ठेवला, घाम पुसला आणि सांगितलं, की ते परवा गेले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. एवढं बोलून त्याने रिकाम्या जारसाठी हात पुढे केला. मी तो आणून दिला, वर 'थँक्यू'सुद्धा म्हणाले. दार लावल्यावर तिथेच चपलांच्या स्टँडशेजारी बसले... आई आतून विचारत होती, कोण आलं होतं.

या गोष्टीला महिना उलटला. बोळिंजच्या आमच्या इमारतीत हरेशकाका एक दिवसाआड पाणी टाकायचे. हे त्यांचं बारमाही काम. लग्नसराईत मात्र ते बेंजो पार्टीचे मालक. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्याकडच्या गावांत त्याच्याशिवाय हळद लागत नाही. संकुलामागच्या गावठाणात त्यांचं घर होतं, आणि पाच-सहा जणांची पार्टी. शाळेत असताना मी व्हायोलिन शिकत होते, पाश्चात्त्य पद्धतीचं, कागदावरचे सूर वाचून वाजवायचं. मुंबईच्या सरांकडे आठवड्यातून दोनदा जायचे आणि त्याचा मला केवढा तोरा होता! काका जार ठेवून दारातच घुटमळायचे. एकदा म्हणाले, "गानं संपतं तिथं नाय थांबत तू. दमतेस तिथं थांबतेस." मला राग आला होता. पाणी टाकणाऱ्याने आपल्याला शिकवावं म्हणजे काय, असंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

दहावीच्या वर्षी एका डोंगरावरच्या उन्हाळी संगीत शिबिरासाठी माझी निवड झाली. तीन आठवडे, परदेशातून येणारे शिक्षक, आणि सोळा वर्षांपर्यंतच प्रवेश. म्हणजे मला तेच शेवटचं वर्ष. फी ऐकून बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फ्लॅटचे हप्ते नुकते सुरू झाले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. मग मी स्वतःच पैसे जमवायला निघाले. सोसायटीच्या सत्यनारायणाला वाजवलं, तर सेक्रेटरींनी माइकवरून 'आपल्या इमारतीतल्या गरजू मुलीला सढळ हाताने मदत करा' असं जाहीर केलं. मी तिथल्या तिथे मेले. कसेबसे निम्मे पैसे जमले, आणि पुन्हा कुणाच्या पुढ्यात 'गरजू' म्हणून उभी राहणार नाही असं आईला निक्षून सांगितलं. तेव्हा काका दारात जार उतरवत होते. ते म्हणाले, मग मागू नको, कमव. आमच्यात वाजव.

आईने अट घातली, दिवेलागणीला पोर घरात हवी. मीही एक अट घातली, माझ्या सरांना कळता कामा नये. त्यावर काका खळखळून हसले. त्यांना काही लागलं असेल, तर दिसलं नाही. आमच्याकडे हळदीच्या दिवशी दुपारी मांडवासाठी उंबराची फांदी आणायला वाजतगाजत जातात, तेवढंच माझं काम. गाणी मी घरी ऐकून नीट कागदावर उतरवून घेतली आणि पहिल्या दिवशी कागद ठेवायचा घडीचा स्टँड काखोटीला मारून हजर झाले. मिरवणुकीत चालत वाजवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! अख्खी पार्टी माझ्याकडे बघत राहिली. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या दोरीवरचा कपड्यांचा एक गुलाबी चिमटा काढला आणि माझा कागद पुढे चालणाऱ्या ढोलवाल्याच्या, किसनच्या, शर्टाला पाठीवर लावून दिला. किसनला बजावलं, आज सरळ चालायचं, पाठीवर अभ्यास आहे.

दोन गल्ल्या किसन बिचारा लाकडासारखा ताठ चालला. मग नवऱ्या मुलाच्या आत्या नाचायला आल्या, त्यांनी त्याला ओढलं, आणि माझं गाणं गोल गोल फिरायला लागलं. मी त्याच्या पाठीमागे धावतेय, बायका हसतायत, आणि मग कागद निसटून लोकांच्या पायांखाली गेला. माझा गज थांबला. रडूच फुटणार होतं. काकांनी बेंजो वाजवता वाजवताच मान वळवली.

"कागद गेला ना? आता पाय बघ लोकांचे. पाय थांबले, की समज चुकलीस."

मी पाय बघितले. भेगाळलेले, मेंदीचे, चांदीच्या जोडव्यांचे, एका आजोबांचा एकच चप्पल घातलेला. काय वाजवलं देव जाणे, पण पाय थांबले नाहीत. परत येताना काकांनी वाटेवरून कागद शोधून आणला. त्यावर कुणाच्या तरी पायाचा धुळीचा अख्खा पंजा उमटला होता. चिमट्यासकट माझ्या हातात देत म्हणाले, ठेव, तिकडं लागंल. पुढच्या हळदींना मी कागद नेलाच नाही. एप्रिल संपायच्या आत माझी फी भरून झाली, आणि एकाही माणसाने मला गरजू म्हटलं नाही.

शिबिरात एके दिवशी एका परदेशी बाईंनी आमचे कागद काढून घेतले आणि न थांबता त्यांच्यासोबत वाजवायला सांगितलं. एकेक जण अडखळत गेला. मी खाली बघितलं, सगळ्यांचे बूट ताल धरत होते... शेवटपर्यंत मी एकटी टिकले. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? भोवती गाडीने आलेली, महागडी व्हायोलिनं घेतलेली मुलं. बेंजो, ढोल, पाण्याचे जार, सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं. आणि मी मुंबईच्या सरांचं नाव सांगितलं. मला लाज वाटली होती. काकांची.

परत आल्यावर पहिल्याच खेपेला काकांनी गमतीत विचारलं, काय गं, आमचं नाव घेतलंस का तिकडं? मी 'हो' म्हणाले. गमतीतच म्हणायला गेले, पण त्यांचा चेहरा बघितला आणि ते मागे घेता आलं नाही. त्यांनी जार तसाच खाली ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. "गोऱ्या बाईसमोर? माझं नाव?" एवढंच विचारलं. पुढच्या आठ दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं, मग गावठाणाला, मग प्रत्येक हळदीला. नऊ वर्षं ते मला एक दिवसाआड दारात भेटत होते. नऊ वर्षांत मी कार्यक्रम केले, शिकवण्या सुरू केल्या, आणि माझा परिचय जिथे जिथे छापून आला तिथे सर होते, शिबिर होतं. काका नव्हते.

काकांच्या तेराव्याला मी गेले. फोटोखाली बेंजो चादरीत गुंडाळून ठेवला होता. काकी मला हाताला धरून एकेका पाहुण्याकडे नेत होत्या, "हीच ती, हिनंच त्यांचं नाव घेतलं तिकडं." तिसऱ्या पाहुण्यापाशी मला सहन होईना. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. काकी पाटावर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं आता त्या मला घालवून देतील, आणि द्यावंच, असंही वाटलं.

"त्याच्याशी असं नको होतं करायला तू," त्या शेवटी म्हणाल्या. मग डोळे पुसून उठल्या, माझ्यासाठी ताट वाढायला घेतलं. "तो गेला, पन नाव हाय ना त्याचं. आता सांग. कोनी अडवलंय तुला?"

माझ्या व्हायोलिनच्या पेटीत, गजाला लावायच्या राळेच्या डबीशेजारी, तो गुलाबी चिमटा आहे. धुळीचा पंजा उमटलेला कागद अजून त्यानेच धरून ठेवलाय. आज हे लिहिताना पेटी समोर उघडी आहे. त्या बाई आता कुठे असतील ठाऊक नाही, मराठी तर त्यांना वाचता येणारच नाही. पण त्यांनी विचारलं होतं, आणि माझं उत्तर चुकलं होतं. कागद नसताना वाजवायला मला हरेश्वर धाकू म्हात्रे यांनी शिकवलं. ते आमच्याकडे पाणी टाकायचे आणि बेंजो वाजवायचे.