आई आजारी नाही

राजनंदिनी वसुबारसेलाच नेपाळला निघून गेली, आणि दिवाळीभर शेवगावच्या त्या घरात दुसरा विषयच निघाला नाही.

ती जामखेडकडच्या एका वस्तीशाळेवर शिक्षिका. दिवाळी सरली की तिचा वर्ग अर्धा रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला निघतात, पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून जातात. उन्हाळ्यात एका शिबिरात तिला नेपाळच्या काही बायका भेटल्या होत्या. तराईतल्या वीटभट्ट्यांवर त्या मजुरांच्या मुलांची शाळा घेतात. बिऱ्हाड जाईल तिथं शाळाही जाते. तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. सुट्टी लागताच मनमाडहून गोरखपूरची गाडी, पुढं सीमेपर्यंत बस. तिच्या आईनं, ज्ञानेश्वरीनं, नको नको म्हणतच चकल्यांचा डबा भरून दिला आणि त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आपल्याकडं काय गरिबांची पोरं कमी पडली, हा टोमणा फराळाला आलेल्या प्रत्येकानं मारून घेतला.

भाऊबीज झाल्यावर ज्ञानेश्वरीचे थोरले दीर आप्पासाहेब आले. या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. सांगायचं ते भावाला सांगतो, आणि ती आतून नवऱ्याकरवी उत्तर देते. बी. ए. होऊन आलेल्या ज्ञानेश्वरीनंही ही रीत लग्नापासून मुकाट्यानं पाळली होती.

आप्पासाहेबांनी रविवारी पाहुणे बोलावले होते. मुलगा राहुरीचा, नोकरीवाला. पोरगी देशातच नाही, हे मात्र त्यांनी पाहुण्यांना सांगितलं नव्हतं.

"सुनील," ते भावाला म्हणाले, "हिला म्हनावं, पोरीला फोन लाव. आई लई आजारी हाय म्हनून सांग. मिळंल त्या गाडीनं यील बघ."

सुनीलनं करंजीचा तुकडा उगाच ताटात फिरवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

खरं तर ज्ञानेश्वरीलाही पोर घरी हवीच होती. फोन लागला नाही की ती पुन्हा पुन्हा लावत राहायची. एवढं एक वाक्य बोललं की लेक डोळ्यांसमोर. पण ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. लग्नाआधी नगरला वसतिगृहात राहून बी. एड. करत असताना, परीक्षेच्या तोंडावर तिलाही हाच निरोप गेला होता. रडत रडत ती एसटीतून उतरली, तर आई दारात धडधाकट उभी, हातात पाहुण्यांसमोर नेसायची साडी. परीक्षा राहिली ती राहिलीच.

ती मोबाईल घेऊन बाहेर आली. आप्पासाहेबांच्या समोर उभी राहिली, नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडं पोरांचा नुसता कालवा चालला होता.

"आई? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. मी ठणठणीत आहे. आणि आता नीट ऐक, नंदा. तुझी सुट्टी संपेपर्यंत कुणीही फोन करून आई आजारी आहे म्हणालं, तर विश्वास ठेवायचा नाही. मी म्हणाले तरी नाही."

 राजनंदिनी हसली. "कोण बसलंय गं तिथं?"

"तुझे आप्पा. फराळ करतायत."

तिनं फोन ठेवला. आप्पासाहेब भावाकडं वळले.

"सुनील, इचार हिला, पाहुन्यांना आता काय तोंड दाखवू?"

"मलाच विचारा, आप्पा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मुलगी कुठं गेलीय, कशासाठी गेलीय, ते पाहुण्यांना मी सांगते. ऐकूनही यावंसं वाटलं, तर तिची सुट्टी संपल्यावर यावं. आणि आपल्या पोरांचं म्हणाल, तर तिच्या शाळेवर चला एकदा. सुट्टीनंतर शाळा उघडली तरी अर्धा वर्ग रिकामाच असतो, तुम्हाला बसायला जागा होईल."

सुनीलनं खाली मान घातली, पण त्याचे खांदे हसत होते. आप्पासाहेब बराच वेळ समोरच्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिले.

"सुनील, हिला म्हनावं, चहा टाक."

ती जागची हलली नाही.

"साखर किती घालू, आप्पा?"

सुनील मध्ये बोलेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. तो बोलला नाही. अखेर त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडं बघून म्हणाले, "एक चमचा."