दोन घोडेस्वारांची सिनियॉरिटी

खुर्सीपारच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शेजारचे काका ड्यूटी सुटली की थेट येत. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ते क्लार्क होते. तीनदा ज्युनियर त्यांना सुपरसीड करून, म्हणजे डावलून, बढती घेऊन गेले होते.

महिनाभर खेळून ते शेवटच्या लढाईपर्यंत पोचले. तिथे जागा एकाच घोडेस्वाराला होती आणि काकांकडे दोन होते. लाल आणि हिरवा सारखेच, फक्त लाल जरा दणकट.

"काका, लालले पाठवा ना!" मी ओरडलो.

काकांनी घोडेस्वारांच्या भरतीची नोंदवही उघडली. "कावून? हिरवा दुसऱ्या लढाईपासून हाय. लाल सातवीत भरती झाला."

हिरवा पहिल्याच वारात पडला. खेळ संपला.

काकांनी शांतपणे जेवणाचा डबा उचलला. "हारलो, पन सुपरसीड नाही केलं कोनाले."

बढतीतल्या अन्यायाविरुद्ध प्लांटच्या गेटवर पत्रकं वाटणारा मी, लालसाठी ओरडलो होतो.