पाच घरांची भाजी

लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला येईपर्यंत भाजी दारावर उगवते, अशी माझी समजूत होती. आमच्या नगरच्या गल्लीत रोज हातगाडी यायची आणि आई माडीवरूनच टोपली दोरीने खाली सोडायची.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. सासूबाई माहेरी गेलेल्या आणि कोपरगावचे तात्या जेवायला येणार असा निरोप आला. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. नव्या सुनेच्या हातचं जेवून ते निकाल द्यायचे आणि तो भावकीत जन्मभर टिकायचा. (थोरल्या जाऊबाईंचा 'खारट' असा लागला होता. त्यांचं खरं नाव मला दोन वर्षांनी कळलं.)

मी पिशवी घेऊन हातगाडी शोधायला निघाले. शेजारच्या अनुसयाकाकू अंगण झाडत होत्या.

"काकू, भाजी कुठे विकत मिळेल?"

"इकत? बाजार शनवारी, बाई. आज बुधवार."

"मग एरवी लोक काय खातात?"

"रानात असंल ते. थांब, वांगी देते." मी पैसे काढले तशा त्या चमकल्या. "ठिव ते. सून भाजी इकत मागत हिंडती, हे सासऱ्याच्या कानावर घालू का?"

घालायची गरजच नव्हती. बातमी माझ्याआधीच गावभर झाली होती; मी घरी पोचले तर ओट्यावर चार बायका हजर. एकीकडे मेथी, दुसरीकडे घेवडा, तिसरीकडे मुळा, चौथीच्या कडेवर तान्ह्या बाळासारखा भोपळा.

"माझी मेथी आजच कर, उद्या पिवळी पडंल."

"आन माझा मुळा काय शोभेला आनलाय व्हय?"

कुणाला दुखवायचं? पाचही भाज्या मी एकाच पातेल्यात घातल्या. भोपळा विरघळला, वांगी हरवली, मुळ्याचा वास मात्र वाड्यावस्तीपर्यंत पोचला.

तात्यांनी पहिला घास बराच वेळ चावला.

"सूनबाई, ह्याला काय म्हनत्यात?"

"आमच्या नगरला अशीच करतात," मी ठोकून दिलं.

 तात्या मामंजींकडे वळून हळूच म्हणाले, "शहरात लई हाल दिसत्यात. धड एक भाजी मिळत न्हाई, हाताला लागंल ते शिजवत्यात. पोरीला काय बोलू नका."

आठवड्याने त्यांनी माझ्या माहेरी वांग्यांचं पोतं पाठवलं.

माझा निकाल कधी लागलाच नाही. माझ्या हातच्या चवीचं खापर अजून सगळ्या नगर शहरावर फुटतंय.