वाडग्यात मूठभर साखर

दुबईला राहते म्हटलं की ठाण्यातल्या माझ्या मावश्यांचे डोळे मोठे होतात. त्यांना कितीदा सांगितलं की आम्ही दुबईत नाही, अमिरातीतच पण लांब डोंगरात, एका वादीत राहतो. वादी म्हणजे नदीचं खोरं. आमची नदी बहुतेक वेळ रजेवर असते. डोंगरात कधी पाऊस झाला की दोन तास कामावर येते, आणि अख्खं गाव गाड्या काढून तिचं दर्शन घ्यायला जातं. बाकी गावात एक मशीद, एक शाळा, एक न्हावी, खजुराची झाडं आणि एक किराणा दुकान. दुकानात उतरून जायची पद्धत नाही. बाहेर गाडीत बसून हॉर्न द्यायचा, की मल्याळी दुकानदार धावत येतो. काय हवं ते विचारायच्या आधी तो विचारतो, "दीदी, आज बच्चा स्कूल नहीं गया?" इथे मी शिंकले तरी पलीकडच्या डोंगरापर्यंत बातमी जाते.

मला या गावाचा पहिल्या दिवसापासून राग. नवरा इथल्या धरणावर इंजिनीयर, तो खूश. मला हवी होती दुबईची मरीना, मराठी मंडळ, लिफ्ट आणि मला न ओळखणारे शेजारी. मी त्याचं इतकं डोकं खाल्लं की शेवटी त्याने बदली मागितली आणि ती चक्क मिळालीसुद्धा. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधलं हेड ऑफिस, जवळच तळ्यासमोरचा फ्लॅट. मी तर घोड्यावरच बसले होते. अडचण एकच होती, शेजारच्या खालांचा वाडगा.

खाला म्हणजे आमच्या शेजारच्या अमिराती बाई. माझ्या आजीच्या वयाच्या, पण आवाज हवालदाराचा. त्या पिढीतल्या इथल्या बऱ्याच जणांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी त्यांना येतं. आम्ही आलो त्याच आठवड्यात त्यांनी मोठा वाडगा भरून बलालीत पाठवलं. बलालीत म्हणजे गोड शेवया आणि वर ऑम्लेट. शेवयांवर! मी आधी नुसती बघत बसले, मग चाखलं, आणि संताप म्हणजे आवडलं. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईने मला पोळ्या लाटायच्या आधी शिकवलेलं. मी नारळाच्या वड्या भरून पाठवल्या. त्यांच्याकडेही रिकामं भांडं परत करत नाहीत, हे मला काय ठाऊक! वाडगा हरीस, म्हणजे गव्हात घोटलेलं मटण, घेऊन परत आला. मी शिरा भरला. त्यांनी खजुराच्या पाकातले गोळे भरले. मी चकल्या. माघार कोण घेणार? दोन्ही घरांची पोटं डोळ्यांदेखत सुटत चालली. मुलगा म्हणायचा, "आई, जस्ट कीप द बोल!" या मुलाला संस्कार द्यायचे राहून गेले.

निघायची वेळ आली, बदलीचं गावात अजून कुणाला बोललो नव्हतो, आणि वाडगा नेमका आमच्याकडे. फ्रीज रिकामा केलेला, मसाल्याचे डबे बांधलेले. पण आपल्याकडे यावरही सोय आहे. काही नसेल तर भांड्यात साखर घालायची. भांडं रिकामं जात नाही आणि समोरच्याला कळतं की आता पुरे. मी त्या परातीएवढ्या वाडग्याच्या तळाशी मूठभर साखर घातली, पोहोचती केली आणि गंगेत घोडं न्हालं म्हणून बसले.

आपल्याकडे कळलं असतं. तिकडे कळलं ते असं, की या बिचाऱ्यांच्या घरात साखरेशिवाय काही उरलेलं नाही. त्यातच नवरा दुकानातून रिकामी खोकी मागून घेऊन आलेला. दुकानदाराने दोन आणि दोन बावीस केले, आणि हॉर्न देणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगितलं, की साब की नौकरी गई.

सकाळी दार उघडलं तर बाहेर तांदळाचं पोतं. मग अंडी आली, खजूर आले, डोंगरातला मध आला. न्हाव्याने नवऱ्याला मिठीच मारली. "हबीबी, अल्ला बडा है." मी प्रत्येकाला सांगत होते की तसं काही नाही, आणि प्रत्येक जण समजूतदारपणे मान डोलावत होता. गरिबाचा स्वाभिमान! दुपारी एक अनोळखी गृहस्थ बकरी घेऊन आले. जिवंत. माझ्या हातात दोरी देऊन निघूनही गेले. बकरीने 'काचसामान' लिहिलेलं खोकं खायला घेतलं.

"हिला तिथे पार्किंग मिळेल का गं?" नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप आत गेला.

संध्याकाळी खाला स्वतः आल्या. पहिल्यांदाच हातात वाडगा नव्हता, किल्ली होती.

"पीछे कमरा खाली," त्या म्हणाल्या. "तुम रहो. किराया नहीं. साब का काम मेरा बेटा देखेगा, इन्शाल्ला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खाला, नौकरी नहीं गई. बदली हुई है. हम दुबई जा रहे हैं."

मला वाटलं, आता हसतील. त्या मटकन खोक्यावर बसल्या.

"दुबई में तुम्हारा कौन है?"

तळं आहे, जिम आहे, मेट्रो आहे, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण त्यांनी 'कौन' विचारलं होतं.

"कोई नहीं," मी म्हटलं, आणि रडूच फुटलं. चांगली हुंदके देऊन रडले. इतकी वर्षं ज्या गावाच्या नावाने बोटं मोडली, त्याच्यासाठी! मला माझाच राग आला आणि मी आणखी रडले.

"कोई नहीं, तो क्यों जाता?" खाला हवालदारी आवाजात म्हणाल्या. उठल्या, बसल्या होत्या त्याच खोक्याची टेप फाडली, आणि माझी भांडी एकेक करून ओट्यावर मांडायला लागल्या.

"अगं, ट्रक उद्या सकाळी येतोय," नवरा दारातून म्हणाला.

मी नाक पुसलं आणि खालांना कुकर कुठे ठेवायचा ते दाखवलं.