जॉयस गाठोडी उसवते

बांद्याच्या बाजारात जॉयसचं कुरिअर आणि माझं शिवणाचं दुकान, मध्ये एक भिंत. तिच्या गिऱ्हाइकांची भांडणं मला बसल्या जागी ऐकू येतात.

आमच्याकडे परगावच्या मुलांना पाठवायचं पार्सल म्हणजे जुन्या लुगड्यात बांधून दाभणानं शिवलेलं गाठोडं. आईनं घातलेली शिवण वाटेत कुणी उसवत नाही. जॉयस सरसकट उसवते. आत पॉवर बँक नाहीतर मोबाइलची सुटी बॅटरी निघाली की काढून परत देते. लिथियम असतं, विमानात पेट घेईल, म्हणते. लोक तिला शिव्या घालतात आणि उसवलेलं शिवायला माझ्याकडे येतात. धंदा होतो, नाही कशाला म्हणू, पण वैताग येतोच.

गेल्या आठवड्यात तिनं राधाकाकीचं गाठोडं उसवलं. दिल्लीच्या लेकीला, तुळसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि त्या पिठात खुपसलेला काकांचा जुना बटणांचा फोन. काका गेल्या वर्षी वारले. तुळसासाठी त्यांनी त्यात बोलून ठेवलं होतं, काकीलाही न ऐकवता, पण ते तिला पाठवायचं कसं हे कुणालाच कळलं नाही. आता तर फोन सुरूच होत नव्हता. जॉयसनं मागचं झाकण काढलं, तर बॅटरी फुगून टम्म. असली बॅटरी विमानानं नाही, गाडीनं नाही, पोस्टानंसुद्धा नाही, असं तिनं सांगितलं आणि काकी मटकन खाली बसली. नवऱ्याचा आवाज तेवढाच उरला होता तिच्याकडे.

मी जॉयसवर तोंड सोडलं. काळीज आहे की धोंडा, असंही म्हणाले. ती माझ्याकडे बघेसुद्धा ना. काकीशेजारी बसली आणि म्हणाली, "काकी, आवाज बॅटरीत नाय, फोनात आसा. बॅटरी हंयच ऱ्हवांदे."

मग दिल्लीत तशी बॅटरी कुठं मिळायची, मी विचारलं. तेव्हा काकी सांगते, काकांनी एकसारखे दोन फोन घेतले होते, दुसरा तुळसाकडेच आहे. म्हणजे तिकडची बॅटरी ह्यात बसणार! हे आधी नाही का सांगायचं? फुगलेली बॅटरी जॉयसनं मागच्या दारी वाळूच्या डब्यात ठेवली, नुसता फोन गाठोड्यात घातला. शिवण मी घातली, फुकट.

काल तुळसाचा फोन आला. काकी तो घेऊन धावत जॉयसकडे आली, मीही मशीन सोडून गेले. पलीकडून तुळसानं काकांचा आवाज लावला.

"तुळशे, आवस तुझी माझेर तापता खूप. पण तिच्यासारख्या माणूस मिळाचा नाय."

काकी हमसून हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसून हसायला लागली.

"ह्यांनी ह्या माका कधी सांगूक नाय," ती म्हणाली. "परत लाव गो."