गॅस केंद्राच्या फाटकापर्यंत

ठाण्याहून डोंबिवलीला जाण्याला प्रवास म्हटलं तर घरचे हसतात. त्यांनी कधी दहावीचा वर्ग आणि मुख्याध्यापिका एकाच बसमधून नेलेल्या नाहीत. मी भूगोल शिकवते, त्यामुळे अशा मोहिमा माझ्याच गळ्यात पडतात. या खेपेची मोहीम होती मुलांना तेल आणि वायू क्षेत्रातल्या करिअरची ओळख करून देण्याची.

डोंबिवलीच्या गॅस साठवण केंद्राने सुती कपडे घालून यायला सांगितलं होतं. मी ते वर्गात वाचून दाखवलं. मुख्याध्यापिका बाईंनी लगेच दुरुस्ती केली, "सगळे नव्या युनिफॉर्ममध्ये. फोटोत शाळा दिसली पाहिजे." नवा युनिफॉर्म चकचकीत पॉलिएस्टरचा.

वर्तकनगरला शाळेच्या दारात सगळा वर्ग चकाकत उभा होता. प्राची तेवढी आईचा सुती पंजाबी ड्रेस घालून वडिलांच्या रिक्षातून उतरली. गॅसवर चालणाऱ्या त्या रिक्षाला उग्र वास येत होता. मी नाक मुरडलं.

"रोजचाच हाय मॅडम, सवय झालीय," तिचे वडील म्हणाले. "पोरीला दाखवा काय ते, पण डोक्यात भरवू नका. गॅसबिसचं काम बाईमाणसाचं नाय. कॉमर्सला जायचं ठरलंय."

प्राची बसकडे चालू लागली. तिला याच लाइनला जायचं होतं. हे तिने मला सांगितलं होतं, घरी सांगायची छाती नव्हती. मला तिची कीव आली आणि मी तिला बाईंच्या नजरेआड मागच्या सीटवर बसवलं.

माजिवड्याला बस गॅस भरायला थांबली. गॅस भरताना आत कुणी बसायचं नाही, हा पंपावरचा कायदा. बाई मात्र गुडघ्यांचं कारण सांगून बसून राहिल्या.

"बसा की," ड्रायव्हर म्हणाला. "मग आपण हितंच संध्याकाळ करू."

बाई उतरल्या, आणि समोरच त्यांना प्राचीचा ड्रेस दिसला. "हिला घरी पाठवा!"

"हायवेवरून कशी पाठवू, बाई?" मी म्हटलं. भूगोल कधीतरी कामाला येतो तो असा.

माणकोलीच्या पुलावरून खाडी दिसली, काठची तिवरं (खारफुटीची झुडपं) दिसली. मी भरती-ओहोटी समजावून सांगितली. मुलांनी पुलाचे फोटो काढले.

डोंबिवलीत केंद्राच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने बाईंचं स्वागत केलं, मुलांकडे पाहिलं आणि फाटक परत लावलं. "हे कापड चालत नाय. घासलं की ठिणगी पडते. आत गॅस हाय."

बाईंनी शाळेची परंपरा सांगितली. फाटक काही हललं नाही. माझी साडी जॉर्जेटची, त्यामुळे मीही बाद. सूचना वाचून दाखवणाऱ्याने ती पाळायची असते, हे कुणाच्या लक्षात राहतं? शेवटी आतून एक इंजिनिअर मुलगी आली, तिने प्राचीच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि तिला एकटीला आत नेलं.

उरलेल्या वर्गाने कोपऱ्यावरच्या गाडीवर भजी खाल्ली. बाईंनी फाटकासमोर फोटो काढला. शाळा त्यात फार छान दिसली. प्राची बाहेर आली तेव्हा तिचे केस चपटे झाले होते आणि ती कुणाशी बोलतच नव्हती. मला वाटलं, पोर घाबरली, संपलं सगळं.

परतलो तेव्हा तिचे वडील रिक्षा सुरू ठेवूनच थांबले होते. "बघितलंस ना? भागली हौस?"

प्राचीने हुंगलं. "बाबा, इंजिन बंद करा. उतरा खाली."

"अगं, रोजचाच वास..."

"रोजचा म्हणजे रोज गळतोय. उतरा!"

वडील उतरले. तिने वाकून रिक्षातल्या गॅस सिलेंडरचा कॉक (चावी) बंद केला, रस्त्यापलीकडे विडी पेटवणाऱ्या माणसाला ओरडून थांबवलं आणि आम्हा सगळ्यांना मागे रेटलं. बाईसुद्धा गुडघ्यांचं नाव न काढता मागे सरल्या.

वडील रिक्षाकडे पाहत राहिले, मग मुलीकडे. मला वाटलं, आता ओरडणार.

"आता काय करायचं, सांग," ते तिला म्हणाले.