फळीवरचा कॅमेरा

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना सामान काढून द्यायचं आणि परत मोजून घ्यायचं, ही माझी नोकरी. तिथेच मला हा नाद लागला. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रोजेक्ट झाल्यावर टाकून दिलेला एक बोर्ड कपाटात पडून होता. पत्त्यांच्या कॅटएवढा, हिरवा, उघडाबोडका. हा अख्खा संगणक आहे असं तिथल्या एका सरांनी सांगितलं तेव्हा मला ते खरं वाटलं नाही. त्यांना विचारून मी तो घरी आणला आणि लालबागच्या आमच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली बाई मी. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकत गेले. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जाऊन सेन्सर, वायरी, छोटे स्पीकर आणायचे आणि रविवारी जेवणं झाली की खाली बैठक मारून बसायचं. नळाला पाणी आलं की घंटा वाजवणारं एक यंत्र केलं. गणपतीच्या मखरातले दिवे आरतीच्या टाळ्यांबरोबर उजळतील अशी सोय केली, ती बघायला अख्खा मजला आला. बाबा खुर्चीत बसून बघत असायचे. एकदा म्हणाले, "बाय, ह्या सगळा कित्याक?"

"गंमत म्हणून, बाबा."

"मगे कर," ते म्हणाले. गंमत म्हणून काही करायची परवानगी मला आयुष्यात एवढ्या सहज कुणी दिली नव्हती.

आई गेल्यानंतर बाबांचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग नातेवाइकांची नावं, मग आई गेली हेच. एका दुपारी ते खोलीचं दार उघडून निघून गेले. मी कॉलेजातून धावत आले. सगळी चाळ शोधत होती. शेवटी भायखळ्याच्या भाजी मार्केटात सापडले. दोन्ही हातांत लाल माठाच्या जुड्या.

"तुझ्या आवशीन सांगल्यान हाडूक," मला बघून म्हणाले. आईने आणायला सांगितलं होतं म्हणे.

त्यांना कोंडून मी कामाला जाऊ शकत नव्हते. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावायच्या, पण त्यांनाही त्यांचं घर होतं. तेव्हा मी बोर्ड कामाला लावला. दाराच्या चौकटीत चुंबकाचा स्विच बसवला. दार उघडलं की स्पीकरमधून माझा आवाज यायचा, "बाबा, बाहेर जाऊ नका. मी येतेच आहे. खुर्चीत बसा." त्याच वेळी काकूंच्या आणि माझ्या मोबाइलवर सूचना यायची. देवांच्या बाजूच्या फळीवर एक छोटा कॅमेरा ठेवला. पडले, हाक मारली, तर कळावं म्हणून माइकसुद्धा लावला. बाबा त्या आवाजाचं ऐकायचे. "बरा बरा," म्हणायचे आणि मागे फिरायचे. खोलीत मी आहेच, असं त्यांना वाटत असावं. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसता पुसता मी ते बघायचे आणि मला हायसं वाटायचं.

माझा थोरला भाऊ वडाळ्याला टॉवरमध्ये राहतो. दादा आणि वहिनी. लालबागहून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं, हे मुंबईच्या माणसाला सांगायला नको. तो महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. कॅमेरा बघून तो खूश झाला. "भारीच केलंस गं. मलाही दे ना बघायला. तेवढंच माझंही लक्ष राहील."

मी आनंदाने दिलं. बाबांवर दोघांचं लक्ष, म्हणजे माझा भार अर्धा झाला, असा माझा हिशेब.

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, "सकाळी बघितलं ना मी बाबांना. चहा पीत होते. बरे दिसले." त्याच्या पुढच्या रविवारीही त्याने बघितलं. मग सणालाही बघितलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसायचे. "थोरलो येतलो म्हणा होतो," असं मला सांगायचे आणि मी विषय बदलायचे.

यायचा बंद झाला तसे त्याचे फोन वाढले. प्रयोगशाळेत मुलांचा घोळका समोर असताना फोन वाजायचा.

"पंखा का बंद आहे?"

"त्यांना थंडी वाजते, दादा."

"एवढ्या उकाड्यात? आणि जेवण एवढ्या उशिरा?"

"काकू वाढतात. त्या आपलं आटपून येतात."

"म्हणजे बाबा शेजाऱ्यांच्या भरवशावर. मला वाटलं, तू बघतेस."

एकदा वहिनीने घेतला फोन. बाबांच्या अंगावर कालचाच बनियन आहे असं तिला वाटत होतं. बाबांच्या बनियनी एकाच दुकानातल्या, एकसारख्या होत्या. मी तिला ते समजावून सांगितलं. माझ्याच हाताने जोडलेल्या यंत्रासमोर मी दुपारी आडवी व्हायला घाबरायला लागले. पाठ टेकली की वाटायचं, वडाळ्याला कुणीतरी बघतंय, ही झोपली आहे. कॅमेरा बंद करून टाकावा असं मनात यायचं, पण बंद केला तर बाबा पडले, त्यांनी हाक मारली, तर कळणार कसं?

पुढे बाबांचा आजार अंगावर यायला लागला. आंघोळ नको म्हणायचे, मला ओळखायचे नाहीत, कधी मारायचे. एका संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा त्यांनी कपड्यांत केलं होतं आणि ते हाताने भिंतीला फासत होते. मी धरायला गेले तर तांब्या माझ्या कपाळावर मारला. रक्त आलं. मी ओरडले, "मरत का नाही तुम्ही एकदाचे!"

मी हे म्हणाले. मला त्याची सफाई द्यायची नाही. ज्यांनी असा माणूस सांभाळला आहे त्यांना ती लागत नाही, आणि ज्यांनी नाही सांभाळला त्यांना ती पटत नाही.

त्यानंतर मी बाबांना मोरीत नेलं. गरम पाणी काढलं, स्वच्छ आंघोळ घातली, पावडर लावली. ते थरथरत होते, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले. पेज भरवली, तीही मोरीच्या उंबऱ्याशी बसूनच, कारण ते तिथून उठायला तयार नव्हते. फळीवरच्या कॅमेऱ्याला मोरी दिसत नाही. तो मीच तसा लावला होता. आंघोळ करणारा बाप दिसू नये म्हणून.

त्याच आठवड्यात दादा आला, पण एकटा नव्हे. गिरगावचे मामा आणि आत्या त्याच्याबरोबर होते. मी चहा टाकायला उठले तर म्हणाला, "बस तू. चहा नको." आणि त्याने मोबाइल काढून मामांच्या हातात दिला. खोलीत माझा आवाज घुमला. मरत का नाही तुम्ही एकदाचे. मामांनी ते दोनदा बघितलं.

"बापाला असं बोलतात?" मामा म्हणाले.

"दादा, त्याच्या आधीचं दाखव," मी म्हटलं. "माझं कपाळ बघ. आणि नंतर काय झालं तेही दाखव."

"मला जेवढं मिळालं तेवढं मी सेव्ह केलं."

"म्हणजे बघत होतास तू? आणि सेव्ह करत बसलास? फोन नाही केलास? टॅक्सी नाही पकडलीस?"

"आवाज चढवू नकोस," आत्या म्हणाली. "चढवतेस हेच तर दिसतंय."

बाबा खुर्चीतून मोबाइलकडे बघत होते. मला म्हणाले, "कोण गो ती बाई? कित्याक बोंबलता? तिका गप रवाक सांग." कुणी हसलं नाही. मला मात्र त्या क्षणी हसू आलं, आणि तेही माझ्या विरुद्धच गेलं.

ठरलं ते माझ्याविनाच ठरलं. बाबांना दादा नेणार. त्याच्याकडे लिफ्ट आहे, वॉचमन आहे, दिवसभराची बाई ठेवता येईल. मी बाबांच्या एकसारख्या बनियनी पिशवीत भरल्या. म्हटलं, "दाराचं यंत्र आणि कॅमेरा तिथे लावून देते. मलाही दिसतील बाबा."

दादा वहिनीशी फोनवर बोलून आला. "आमच्या घरात कॅमेरा नको गं. प्रायव्हसी असते ना."

मी रविवारी वडाळ्याला जायचे. बाबा आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवलेले असायचे. टीव्हीवर काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. कामाची बाई मोबाइलवर असायची. मी गेले की ते माझ्या पदराचं टोक धरून ठेवायचे. एकदा विचारलं, "बाय, आपली खोली खंय गेली?" वहिनी दारात उभी होती. मी म्हटलं, "आहे, बाबा. तिथेच आहे."

पावसाळ्याच्या आधी ते तिथल्या बाथरूममध्ये पडले. बराच वेळ कुणाला कळलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात मी दादाला काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझ्या मोबाइलमध्ये दाखवायला काही नव्हतं, आणि दाखवल्याशिवाय आमच्या घरात आता कुणी कुणाचं काही खरं धरत नव्हतं.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा तोच म्हणाला, "लालबागलाच ने. त्यांना त्यांच्या जागेची सवय आहे." मंडळाच्या पोरांनी स्ट्रेचर आमच्या लाकडी जिन्यावरून वर आणलं. बाबा आता उठणार नव्हते, म्हणजे दार उघडणारच नव्हते. मी चौकटीतला स्विच काढून टाकला, कॅमेराही. कॉलेजात बिनपगारी रजा घेतली. बाबा फार बोलायचे नाहीत. श्रावणातल्या एका सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट मी त्यांच्या तोंडाशी नेलं, ते त्यांनी ओठांत धरलं आणि गिळलं नाही.

बाबांच्या दिवसांना दादा दारात उभा राहून लोकांना भेटत होता. त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी तो सांगत होता, "मी रोज बघायचो हो त्यांना. एक दिवस चुकवला नाही." डोळे भरून आले होते त्याचे. खोटे नव्हते ते, हेच मला सहन झालं नाही. मी उठून काकूंच्या खोलीत जाऊन बसले.

यंदा त्याचा फोन आला. वहिनीच्या आई दादरला एकट्या असतात, त्याही विसरायला लागल्या आहेत. दादाचा आवाज अगदी मऊ होता.

"ते तुझं दाराचं मशीन आहे ना, ते जरा लावून देशील का त्यांच्याकडे? कॅमेऱ्यासकट. ही सारखी काळजीत असते."

"नाही."

"अगं, तुला तर आवड आहे. दोन तासांचं काम."

"तिच्या आईकडे तिला जाऊन राहायला सांग."

"एवढंच तर मागितलं तुझ्याकडे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गणपतीला ते दोघं आले नाहीत. आत्या आली. दर्शन घेतलं, मोदक खाल्ला, आणि चपला घालता घालता म्हणाली, "तुझ्या तोंडात गोड शब्दच उरला नाही गं. सख्ख्या भावाला नाही म्हणालीस." तिला जिना उतरताना त्रास होतो. मी तिला हात धरून खाली नेलं, टॅक्सीत बसवून दिलं, वर आले आणि खोलीचं दार लावून घेतलं.